वनस्पतींचे अर्क आणि कर्करोग : ‘पेशी मेल्या’ या वाक्यातून नेमके काय कळते?

धागाकर्ता : रानवाटा

वनस्पतींपासून कर्करोगावरची औषधे मिळाली आहेत आणि ती आजही जगभरातील रुग्णालयांत रोज वापरली जातात, याबद्दल वाद असण्याचे कारण नाही. सदाफुलीपासून व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिनब्लास्टीन मिळाली, पॅसिफिक यू या वृक्षाच्या सालीतून पॅक्लिटॅक्सेल मिळाले, चीनमधील एका वृक्षात सापडलेल्या कॅम्प्टोथेसिनवरून टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन तयार झाली, तर पोडोफायलमच्या मुळांतील द्रव्यावरून इटोपोसाइड तयार झाले. प्रश्न निराळा आहे. ‘अमुक पानांच्या अर्काने कर्करोगाच्या पेशी नष्ट झाल्या’ एवढ्या एका वाक्याच्या आधारावर त्या पानांचा रस रुग्णाला द्यायचा की नाही, हे ठरवता येईल का? येणार नाही, असे माझे ठाम मत आहे. ते मत कशावर उभे आहे हे सांगण्यासाठी हा धागा काढत आहे. मी काही वर्षे पेशीसंवर्धनाच्या प्रयोगशाळेत काम केले असल्यामुळे सुरुवात प्रयोगापासूनच करतो, कारण बातमीत तो भाग बहुधा गाळलेला असतो.

वाळवलेली पाने दळून मेथॅनॉल, इथेनॉल किंवा पाण्यात भिजवतात, गाळून घेतात आणि रोटरी इव्हॅपोरेटरवर द्रावक उडवून लावतात. फ्लास्कच्या तळाशी काळपट हिरवा, चिकट थर उरतो. हाच ‘कच्चा अर्क’. त्यात शेकडो संयुगे एकत्र असतात : हरितद्रव्य, मेणे, शर्करा, टॅनिन, फ्लॅव्होनॉइड, अल्कलॉइड आणि आणखी बरेच काही. हा थर पाण्यात सहसा विरघळत नाही म्हणून तो डीएमएसओ या द्रावकात विरघळवतात. दुसरीकडे ९६ खळग्यांच्या प्लॅस्टिकच्या प्लेटमध्ये, प्रत्येक खळग्यात काही हजार या हिशोबाने, कर्करोगाच्या पेशी सोडलेल्या असतात आणि ती प्लेट ३७ अंश सेल्सिअस तापमानाला, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या इन्क्युबेटरमध्ये ठेवलेली असते. पेशी तळाला चिकटल्या की चढत्या मात्रांनी अर्क घालतात, ४८ किंवा ७२ तास थांबतात आणि मग एमटीटी नावाचे पिवळे द्रव्य मिसळतात. जिवंत पेशी त्या पिवळ्या द्रव्याचे जांभळ्या स्फटिकांत रूपांतर करतात. ते स्फटिक विरघळवून ५७० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात रंगाची तीव्रता मोजतात. ज्या मात्रेला हा रंग निम्म्यावर येतो तिला आयसी-५० म्हणतात, आणि शोधनिबंधाच्या सारांशात झळकतो तो हाच आकडा.

येथे एक गोष्ट बारकाईने पाहावी. या चाचणीत मेलेल्या पेशी कोणीही मोजत नाही. पेशींच्या चयापचयामुळे तयार झालेला रंग मोजला जातो, आणि त्यावरून किती पेशी जिवंत आहेत याचा अंदाज बांधला जातो. पेशी मेल्या नसल्या, नुसती त्यांची वाढ मंदावली असली, तरीही रंग फिका पडतो. उलट वनस्पतींतील अनेक पॉलिफिनॉल पेशींच्या मदतीशिवाय स्वतःच एमटीटीला जांभळे करतात, त्यामुळे मेलेल्या पेशीही जिवंत असल्याचा भास होतो. अर्काचा स्वतःचा गडद रंग मापनात मिसळतो तो वेगळाच. म्हणून पेशी नसलेल्या खळग्यांत नुसता अर्क घालून तपासणे, नुसत्या डीएमएसओचा परिणाम तपासणे आणि निष्कर्षाची खात्री दुसऱ्या पद्धतीने करून घेणे या तीन गोष्टी अनिवार्य मानायला हव्यात. प्रत्यक्षात अनेक निबंधांत त्यांतली एखादीच सापडते.

आता मात्रेकडे येतो, कारण खरी मेख तिथेच आहे. १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर या मात्रेला निम्म्या पेशी मेल्या, असे निष्कर्ष विपुल आहेत. या आकड्याचा रुग्णाच्या शरीराशी ताळा घालून पाहू. प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण ४० लिटर पाणी असते. त्या सगळ्यात ही मात्रा साधायची तर ४ ग्रॅम अर्क एकाच वेळी रक्तात उतरला पाहिजे. तोंडावाटे घेतलेल्या अर्कातील सक्रिय द्रव्यांपैकी शंभरातला एक भाग शोषला गेला असे धरले, तर ४०० ग्रॅम कोरडा अर्क एका बैठकीत गिळावा लागेल, म्हणजे काही किलो सुकी पाने. आणि एवढे करूनही यकृत ती द्रव्ये लागलीच बदलून बाहेर टाकण्याच्या कामाला लागणार. प्लेटमधल्या पेशी मात्र त्या द्रवात सलग तीन दिवस बुडालेल्या होत्या. प्लेटला यकृत नसते, मूत्रपिंड नसते, अस्थिमज्जाही नसते.

शिवाय पुरेशा मात्रेत पेशी मारणारे पदार्थ असंख्य आहेत. मीठ मारते, मद्यार्क मारतो, साबण मारतो. औषधासाठी लागते ती निवड : कर्करोगाची पेशी मरावी आणि त्याच मात्रेला निरोगी पेशी तगावी. यासाठी त्याच प्लेटमध्ये निरोगी पेशींवरही अर्क तपासून दोन्ही आयसी-५० आकड्यांचे गुणोत्तर काढतात. ज्या निबंधात हे गुणोत्तर दिलेलेच नाही, त्याच्या शीर्षकात ‘कर्करोगविरोधी’ हा शब्द असावा असे मला वाटत नाही. ‘पेशीघातक’ एवढेच म्हणता येईल.

सदाफुलीचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. जमैकात तिच्या पानांचा काढा मधुमेहावर घेत असत. १९५२ मध्ये तेथून आलेली पाने कॅनडात रॉबर्ट नोबल यांच्या प्रयोगशाळेत पोहोचली. तोंडावाटे दिलेल्या अर्काने उंदरांच्या रक्तातील साखर उतरली नाही. तोच अर्क शिरेतून टोचल्यावर मात्र उंदीर जंतुसंसर्गाने दगावू लागले, कारण त्यांच्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या होत्या आणि अस्थिमज्जा दबली होती. मधुमेहाच्या दृष्टीने हा निव्वळ अपयशी प्रयोग होता. परंतु जे द्रव्य पांढऱ्या पेशी घटवते, ते पांढऱ्या पेशींच्या कर्करोगावर चालेल का, हा प्रश्न त्यातूनच उभा राहिला. चार्ल्स बीअर यांनी अर्काचे भाग पाडत पाडत शुद्ध व्हिनब्लास्टीन वेगळे केले आणि १९५८ मध्ये ते जाहीर झाले. त्याच सुमारास एली लिली कंपनीत गॉर्डन स्वोबोडा यांचा गट स्वतंत्रपणे त्याच वनस्पतीवर काम करत होता. व्हिन्क्रिस्टीनला अमेरिकेत १९६३ मध्ये मान्यता मिळाली, आणि लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर ते आजही इतर औषधांबरोबर दिले जाते. प्रौढांसाठी त्याची नेहमीची मात्रा शरीराच्या प्रत्येक चौरस मीटर पृष्ठभागामागे दीड मिलिग्रॅमहूनही कमी असते, बहुधा एकावेळी २ मिलिग्रॅमच्या वर जात नाहीत आणि ते फक्त शिरेतूनच देतात. चुकून मणक्यातील द्रवात गेले तर ते प्राणघातक ठरते. एक ग्रॅम व्हिन्क्रिस्टीनसाठी सुमारे अर्धा टन सुकी पाने लागतात. हे आकडे एकमेकांशेजारी मांडले की सदाफुलीची पाने चावून खाणे आणि व्हिन्क्रिस्टीन घेणे यांत किती अंतर आहे ते दिसते. पानांतील विषारी अल्कलॉइडचे प्रमाण झाडागणिक आणि ऋतूगणिक बदलते, ते तर निराळेच.

या विषयावर अभ्यासपूर्वक लिहिणाऱ्या सदस्यांनी भर घालावी आणि शंकाही मोकळेपणाने विचाराव्यात.

प्रतिसाद : पानगळ

लेख आवडला. लक्ष्मणफळाबद्दल विचारायचे आहे. ‘लक्ष्मणफळ हे केमोथेरपीपेक्षा दहा हजार पटींनी प्रभावी असल्याचे संशोधनात सिद्ध झाले आहे’ हा संदेश मला निरनिराळ्या लोकांकडून आला आहे आणि तो पाठवणाऱ्यांत सुशिक्षित माणसेही आहेत. हा आकडा पूर्णपणे कपोलकल्पित आहे, की त्यामागे खरोखर एखादे संशोधन आहे?

प्रतिसाद : रानवाटा

पानगळ, आकड्यामागे खरे संशोधन आहे, आणि म्हणूनच तो इतका टिकून राहिला आहे. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात लक्ष्मणफळाच्या बियांतून काही नवी संयुगे वेगळी केल्याचे वर्णन आहे. त्यांपैकी सिस-अ‍ॅनोनासिन हे एक संयुग एचटी-२९ या मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या सेल लाइनवर, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या एकाच मूळच्या पेशींवर, अ‍ॅड्रियामायसिन या केमोथेरपीच्या औषधाच्या तुलनेत दहा हजार पट कमी मात्रेत परिणाम करते, असे तेथे नोंदवले आहे. संदेशात येईपर्यंत त्या वाक्यातील प्रत्येक शब्द बदलला. बियांचे फळ झाले, एका शुद्ध संयुगाचा रस झाला, एका सेल लाइनचा ‘कर्करोग’ झाला आणि एका औषधाची ‘केमोथेरपी’ झाली.

कमी मात्रेत परिणाम होणे म्हणजे रुग्णाला अधिक फायदा होणे, असा अर्थ निघत नाही. ही संयुगे पेशीतील मायटोकॉन्ड्रियाच्या ऊर्जानिर्मितीची पहिलीच पायरी रोखतात. ऊर्जा कर्करोगाच्या पेशीला लागते तशी मेंदूतील पेशींनाही लागते. कॅरिबियनमधील ग्वाडेलूप बेटावर कंपवातासारख्या, परंतु नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या विकाराचे प्रमाण लक्षणीय आढळले आणि त्याचा संबंध या कुळातील फळे व पानांचा काढा नियमित घेण्याशी असावा, असे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले गेले. पुढे अ‍ॅनोनासिन मेंदूतील चेतापेशींना मारते हे प्रयोगशाळेतही दिसले. कधीतरी फळ खाणाऱ्याने घाबरण्याचे कारण नाही. पानांचा घट्ट अर्क महिनोन्महिने घेणाऱ्याने मात्र याचा विचार अवश्य करावा.

प्रतिसाद : अभ्यासू

धागाकर्त्यांच्या मांडणीतील एका गृहीतकाशी मी सहमत नाही. अर्कातून एकच रेणू वेगळा काढला की मगच ते शास्त्र झाले, असा सूर त्यात आहे. परंतु वनस्पतीतील अनेक द्रव्ये एकमेकांना पूरक ठरत असतील, तर शुद्धीकरणात तो एकत्रित परिणाम हरवतोच. कित्येक अर्कांच्या बाबतीत कच्चा अर्क प्रभावी ठरतो आणि त्याचे भाग पाडल्यावर कोणताच भाग तितका प्रभावी राहत नाही, असे निबंधांतून वाचायला मिळते. दुसरा मुद्दा असा की नैसर्गिक वनस्पतीवर पेटंट मिळत नसल्यामुळे औषध कंपन्या या संशोधनात पैसे घालत नाहीत. त्यामुळे ‘मानवी चाचण्या झालेल्या नाहीत’ या वाक्याचा अर्थ ‘उपयोग नाही’ असा घेणे अन्यायाचे ठरेल.

प्रतिसाद : रसायन

अभ्यासू यांचा पहिला मुद्दा गांभीर्याने घेण्याजोगा आहे. पूरक परिणाम असू शकतो, आणि तो तपासण्याच्या गणिती पद्धतीही आहेत : दोन द्रव्ये वेगवेगळी आणि एकत्र, निरनिराळ्या प्रमाणांत देऊन, एकत्रित परिणाम बेरजेपेक्षा जास्त येतो का ते पाहतात. भाग पाडल्यावर परिणाम नाहीसा होण्याची इतर कारणेही तितकीच संभवतात. सक्रिय द्रव्य अस्थिर असल्यामुळे प्रक्रियेतच मोडले असेल, किंवा टॅनिनांसारखी द्रव्ये समोर येईल त्या प्रथिनाला चिकटून खोटा परिणाम दाखवत असतील. ही कारणे वगळल्याशिवाय ‘पूरक परिणाम’ हा निष्कर्ष काढू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

रानवाटा यांच्या लेखाला मात्र एक पुस्ती जोडतो. कच्च्या अर्काचा आयसी-५० मोठा आला म्हणून वनस्पती निकामी ठरत नाही. यू वृक्षाच्या सालीत पॅक्लिटॅक्सेल अत्यल्प असते, साधारण दहा हजारांत एक भाग किंवा त्याहून थोडे अधिक. शुद्ध पॅक्लिटॅक्सेल प्रति मिलिलिटर काही नॅनोग्रॅम एवढ्या मात्रेत पेशीविभाजन रोखते. सालीचा अर्क तोलून पाहिला तर आकडा कितीतरी मोठा दिसणार. अर्काचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग पेशींवर तपासायचा, जो सक्रिय निघेल त्याचे पुन्हा भाग पाडायचे, हा खटाटोप त्यासाठीच करतात. भाग शुद्ध होत जाईल तसतसा आयसी-५० घसरत गेला, तर आपण योग्य वाटेवर आहोत. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या निकषांचा हवाला देऊन कच्च्या अर्कासाठी २० ते ३० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि शुद्ध संयुगासाठी सुमारे ४ मायक्रोग्रॅम अशी मर्यादा धरली जाते. तिच्या आत आलेला अर्क ‘पुढे तपासण्यायोग्य’ समजतात. तपासण्यायोग्य, एवढाच त्याचा अर्थ.

पेटंटच्या मुद्द्याला इतिहासाचा आधार नाही. १९६० ते १९८२ या काळात त्याच संस्थेने, म्हणजे सरकारी पैशातून, सुमारे १,१४,००० वनस्पती-अर्क तपासले. पॅक्लिटॅक्सेल त्यातूनच आले. आर्थर बार्क्ले यांनी १९६२ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील जंगलातून यूची साल गोळा केली. नॉर्थ कॅरोलिनातील प्रयोगशाळेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी तिच्यातील सक्रिय द्रव्य वेगळे करून १९७१ मध्ये त्याची संरचना प्रसिद्ध केली. वाणी यांचा जन्म नंदुरबारचा, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. त्यानंतरची काही वर्षे या रेणूकडे फारसे कोणी वळले नाही, कारण तो पाण्यात विरघळत नव्हता आणि मिळतही नव्हता. १९७९ मध्ये सुझन हॉर्विट्झ यांनी त्याची कार्यपद्धती उलगडली तेव्हा चित्र पालटले. सदाफुलीची अल्कलॉइड पेशीतील सूक्ष्मनलिका जुळू देत नाहीत. हा रेणू उलट जुळलेल्या सूक्ष्मनलिका सुटूच देत नाही. दोन्ही प्रकारांत पेशीचे विभाजन अडते, पण अशी दुसरी रीत तोवर कोणी पाहिलेली नव्हती.

पुढची अडचण झाडांची होती. सुमारे शंभर वर्षे वयाच्या झाडाची साल सोलली, तर जेमतेम एका रुग्णाच्या एका मात्रेपुरते औषध निघे, आणि साल सोललेले झाड मरे. फ्रान्समध्ये पिएर पोटिए यांच्या गटाने युरोपीय यूच्या पानांतून त्याच सांगाड्याचे एक पूर्वद्रव्य मिळवले. पाने पुन्हा फुटतात, त्यामुळे झाड तोडावे लागत नाही. त्या पूर्वद्रव्यापासून औषध तयार करण्याची कार्यक्षम रीत रॉबर्ट होल्टन यांनी फ्लोरिडात बसवली. अंडाशयाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली ती डिसेंबर १९९२ मध्ये, म्हणजे साल गोळा केल्यानंतर तीस वर्षांनी. कंपन्यांना रस नसता, तर हा शेवटचा टप्पा झालाच नसता. आणि रेणूवर पेटंट नसतानाही तो झाला.

कॅम्प्टोथेसिनची कहाणी ज्यांना ‘मानवी चाचणी’ हा नुसता सोपस्कार वाटतो त्यांनी वाचावी. वॉल आणि वाणी यांनीच ते १९६६ मध्ये प्रसिद्ध केले होते. उंदरांतील परिणाम उत्तम होते. पाण्यात विरघळावे म्हणून त्याचा सोडियम क्षार करून १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला रुग्णांना दिला, तेव्हा मूत्राशयातून तीव्र रक्तस्राव होऊ लागला आणि चाचण्या थांबवाव्या लागल्या. क्षार करताना रेणूतील ज्या वलयावर त्याची क्रिया अवलंबून आहे तेच उघडले जात होते, हे पुढे स्पष्ट झाले. १९८५ मध्ये त्याचे लक्ष्य, म्हणजे डीएनएचा पीळ सोडवणारे टोपोआयसोमरेज-१ हे विकर (एन्झाइम), कळले. मग वलय शाबूत ठेवून विद्राव्यता वाढवलेली टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन तयार झाली आणि दोन्हींना १९९६ मध्ये मान्यता मिळाली. हेच कॅम्प्टोथेसिन सह्याद्रीतील नरक्या या झाडातही असते, आणि त्यापायी त्या झाडाची बेसुमार तोड झाली आहे. औषध शोधताना वनस्पतीच संपवली जाऊ नये, हा विचार या संशोधनात पहिल्या दिवसापासून हवा.

प्रतिसाद : सूक्ष्मदर्शी

वरील चर्चेत ओळख पटवण्याचा मुद्दा राहून गेला आहे, तो मांडतो. प्रयोगातील वनस्पती आणि प्रयोगातील पेशी या दोन्ही खरोखर त्याच आहेत का?

पेशींचे पाहू. हेन्रिएटा लॅक्स या कर्करोगाच्या रुग्णाच्या अर्बुदातून (गाठीतून) १९५१ मध्ये वाढवलेल्या हीला पेशी इतक्या जोमदार आहेत की शेजारच्या संवर्धनात त्यांचा एखादा थेंब जरी गेला तरी काही दिवसांत तेथे त्यांचेच राज्य होते. अनेक सेल लाइन प्रत्यक्षात हीलाच असल्याचे स्टॅनली गार्टलर यांनी १९६६ मध्येच दाखवून दिले होते. एमडीए-एमबी-४३५ ही सेल लाइन कित्येक वर्षे स्तनाच्या कर्करोगाची म्हणून वापरली गेली. ती मुळात मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाची निघाली. त्या काळात ‘स्तनाच्या कर्करोगावर प्रभावी’ म्हणून प्रसिद्ध झालेले निष्कर्ष मग कशाबद्दल होते? आज डीएनएच्या छोट्या आवर्ती खुणा तपासून पेशींची ओळख पटवता येते, खर्चही फार नाही. तरी ती तपासणी न करता लिहिलेले निबंध येतच राहतात.

वनस्पतीच्या बाबतीत चूक झाली तर ती प्रयोगशाळेपुरती राहत नाही. बेल्जियममध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वजन घटवण्याच्या उपचारात स्टेफानिया या चिनी वनस्पतीऐवजी, नावातील साम्यामुळे, अ‍ॅरिस्टोलोकिया वापरली गेली. सुमारे शंभर स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली, आणि पुढे त्यांच्यापैकी अनेकींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल हे कर्करोगजनक म्हणून आता सर्वमान्य आहे. वनस्पती कर्करोग बरा करू शकते हे ज्यांना पटते, त्यांनी वनस्पती कर्करोग घडवूही शकते हे तितक्याच सहजपणे मान्य करायला हवे. पुरःस्थ (प्रोस्टेट) ग्रंथीच्या कर्करोगावर ‘पीसी-स्पेस’ नावाचे आठ वनस्पतींचे मिश्रण लोकप्रिय झाले होते, आणि त्याने रुग्णांच्या रक्तातील निर्देशक खरोखर उतरत असे. तपासणीत त्या कॅप्सूलमध्ये डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल हे कृत्रिम संप्रेरक आणि वॉर्फरिन हे रक्त पातळ करणारे औषध सापडले आणि २००२ मध्ये ते बाजारातून काढून घ्यावे लागले.

प्रतिसाद : नवी पालवी

मी पदव्युत्तर अभ्यासक्रमाची विद्यार्थिनी आहे आणि माझा प्रकल्प याच प्रकारचा आहे : एक वनस्पती, तीन द्रावकांतील अर्क, एक सेल लाइन आणि एमटीटी. धागा वाचून मन थोडे खट्टू झाले. आमच्यासारख्यांनी केलेल्या छोट्या प्रकल्पांना काही अर्थ आहे का? उपलब्ध वेळ आणि निधी यांच्या मर्यादेत तो अधिक उपयोगी कसा करता येईल?

प्रतिसाद : रानवाटा

नवी पालवी, अर्थ निश्चित आहे. तुमच्या प्रकल्पातून औषध निघणार नाही, पण दुसऱ्या कोणाला विश्वासाने पुढे नेता येईल अशी एक नोंद निघू शकते, आणि शास्त्रात अशा नोंदींना मोल आहे. वनस्पतीचा नमुना वनस्पतिसंग्रहालयात जमा करून त्याचा क्रमांक निबंधात द्या. कोणता भाग, कोणत्या महिन्यात, कोठून गोळा केला तेही लिहा. तीन द्रावकांऐवजी एकच द्रावक घेतला तरी चालेल, पण वाचलेल्या वेळात निरोगी पेशींची एक सेल लाइन अवश्य घाला. प्रत्येक प्लेटमध्ये डॉक्सोरुबिसिनसारखे ज्ञात औषध तुलनेसाठी ठेवा, म्हणजे तुमची प्लेट नीट चालली की नाही हे तिच्यावरूनच कळेल. एकाच दिवशी भरलेले तीन खळगे म्हणजे तीन प्रयोग होत नाहीत. वेगवेगळ्या दिवशी, ताज्या पेशींवर तो प्रयोग पुन्हा व्हायला हवा.

आणि परिणाम मिळाला नाही तर तेही लिहा. हे मी फार कळकळीने सांगत आहे. एका औषध कंपनीतील शास्त्रज्ञांनी कर्करोगावरील ५३ महत्त्वाचे मूलभूत शोधनिबंध पुन्हा करून पाहिले तेव्हा केवळ ६ निबंधांचे निष्कर्ष जुळले, असे २०१२ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. तुमच्या हातून ‘या अर्काचा १०० मायक्रोग्रॅमपर्यंत परिणाम दिसला नाही’ असे स्वच्छ वाक्य लिहिले गेले, तर पुढच्या विद्यार्थ्याचे एक वर्ष वाचेल.

प्रतिसाद : सावली

माझ्या घरात सध्या एका व्यक्तीची केमोथेरपी चालू आहे. प्रयोगशाळेतील बारकावे मला सगळे समजले नाहीत, पण एक प्रश्न रोजचा आहे. हळदीच्या अर्काच्या आणि ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल उपचारांच्या जोडीने द्याव्यात असे अनेक जण सुचवतात. ‘नैसर्गिक आहे, फायदा झाला नाही तरी अपाय तर नाही’ असे त्यांचे म्हणणे असते. तसे खरेच आहे का?

प्रतिसाद : रसायन

सावली, आपल्या घरातील रुग्णाला लवकर बरे वाटो. ‘अपाय तर नाही’ हे गृहीत धरू नका.

ग्रीन टीमधील ईजीसीजी हे द्रव्य बोर्टेझोमिब या मायलोमावरील (रक्तपेशींच्या एका कर्करोगावरील) औषधातील बोरॉनयुक्त भागाशी थेट जोडले जाते आणि औषध निष्प्रभ करते, असे २००९ मध्ये प्रयोगशाळेत व उंदरांत दिसून आले. म्हणजे जे द्रव्य एकटे दिले असता कर्करोगाच्या पेशी मारते म्हणून गाजले, तेच औषधाच्या जोडीला दिल्यावर त्या पेशींना वाचवत होते. सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती नैराश्यावर घेतात. ती इरिनोटेकॅनबरोबर घेतल्यास रक्तातील सक्रिय औषध ४२ टक्क्यांनी घटते, हे तर प्रत्यक्ष रुग्णांत मोजलेले आहे. अशा वेळी बाहेरून काहीच दिसत नाही. रुग्णाला त्रास कमी होतो, बरेही वाटते, आणि औषध मात्र अपुरे पडत असते.

हळदीतील कर्क्युमिनवर हजारो निबंध आहेत. पेशींवरील प्रयोगांत साधारण १० ते ५० मायक्रोमोलर मात्रा वापरतात, आणि रोज ८ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन घेणाऱ्या रुग्णांच्या रक्तात ती २ मायक्रोमोलरपर्यंतही पोहोचली नव्हती. हा रेणू स्वतः चमकतो, प्रथिनांना चिकटतो, द्रावणात लवकर मोडतो, त्यामुळे अनेक चाचण्यांत तो खोटा होकार देतो. २०१७ मध्ये रसायनशास्त्रज्ञांनी घेतलेल्या सविस्तर आढाव्यात, १२० हून अधिक मानवी चाचण्या होऊनही प्लासिबोशी (औषध नसलेल्या नकली गोळीशी) तुलना केलेली एकही दुहेरी अज्ञात चाचणी, म्हणजे कोणाला काय दिले हे रुग्ण व डॉक्टर दोघांनाही ठाऊक नसलेली चाचणी, यशस्वी झालेली नाही, असे नोंदवले आहे. स्वयंपाकातील हळद बंद करण्याची आवश्यकता नाही. शोषण वाढवण्यासाठी मिऱ्यातील पायपेरिन घातलेल्या कॅप्सूल मात्र निराळ्या. पायपेरिन यकृताच्या ज्या विकरांना रोखते त्यांतूनच कित्येक औषधे शरीराबाहेर पडत असतात.

आणि ‘नैसर्गिक’ या शब्दावर भिस्त ठेवण्यापूर्वी जर्दाळूच्या बियांतील अ‍ॅमिग्डॅलिनचा अनुभव लक्षात घ्यावा. ‘लेट्राइल’ या नावाने ते प्रचंड खपले. १७८ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात अर्बुद आटोक्यात आल्याचे दिसले नाही, मात्र काही रुग्णांच्या रक्तातील सायनाइड विषबाधेच्या पातळीजवळ पोहोचले होते.

प्रतिसाद : सावली

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. सध्या एक कॅप्सूल चालू आहे, ती आम्ही डॉक्टरांना सांगितलेली नाही. ते रागावतील असे वाटले होते.

प्रतिसाद : रानवाटा

सावली, पुढच्या भेटीपर्यंत थांबू नका, आजच दूरध्वनी करून सांगा आणि त्यांचे उत्तर येईपर्यंत ती कॅप्सूल देऊ नका. भेटीला जाताना बाटलीच घेऊन जा. तीवर वनस्पतीचे शास्त्रीय नाव, वापरलेला भाग आणि प्रत्येक कॅप्सूलमधील अर्काचे प्रमाण लिहिलेले असेल तर तेवढ्यावरून औषधाशी होणारा संयोग तपासता येतो. लिहिलेले नसेल तर तेही डॉक्टरांना कळणे महत्त्वाचे आहे. कॅप्सूल कोणत्या तारखेला सुरू केली आणि दिवसाला किती दिल्या, हे एका कागदावर लिहून ठेवा. त्या तारखेनंतरच्या रक्ततपासण्यांत यकृताची विकरे किंवा पांढऱ्या पेशी बदललेल्या दिसल्या, तर तो बदल कशामुळे झाला हे ठरवायला त्यांना त्या कागदाची गरज पडेल.